फर्गेट कर आणि परत टाक!

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या प्रत्येक इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला घरी एक बिनपगारी नोकरी असते. पप्पांच्या मोबाईलची भरलेली मेमरी, हट्टाला पेटलेला प्रिंटर, शेजारच्या काकूंचा विसरलेला पासवर्ड आणि या सगळ्यांच्या वर म्हणजे ‘नेट गेलंय’. सुट्टीत घरी पोहोचून आपण चपला काढतो न काढतो तोच कुणीतरी लॅपटॉप पुढे करतं. आपण दोन मिनिटं खुडबुड करतो, सुरू झालं की ‘घ्या’ म्हणतो, आणि घरचे कौतुकानं एकमेकांकडे बघतात. पोरगी इंजिनीअर होतेय! या कौतुकाचा मला वर्षभर फार अभिमान होता. तो का उतरला ते सांगण्यासाठी हा लेख. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी खुशाल दुरुस्त कराव्यात, मतं मात्र आहेत तशीच ठेवावीत.)

आमचं घर करमाळ्यात. करमाळा म्हटलं की लोकांना कमलाभवानीचं देऊळ आठवतं, ते शहाण्णव खांबांचं आणि शेजारी शहाण्णव पायऱ्यांची बारव असलेलं. घरी फायबर आलं तेव्हा वायफायचं नाव ‘कमलाभवानी प्रसन्न’ असंच ठेवायचं, आणि तेही मराठीत, असा पप्पांचा हट्ट होता. ते काही केल्या बसेना. कारण वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, पण देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन लागतात आणि काना, वेलांटी यांचे तीन-तीन वेगळे मोजले जातात. ‘कमलाभवानी’ २७ बाइटमध्ये बसली, ‘प्रसन्न’ बाहेर राहिलं. देवी तरी आत आली, यावर पप्पांनी समाधान मानलं.

आई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. हल्ली शाळेची निम्मी कामं ऑनलाइन असतात, त्यामुळे तिला लॅपटॉप रोजच लागतो. आणि रोज संध्याकाळी तो उघडला की नेट नाही. पप्पांच्या फोनला आहे, टीव्हीला आहे, लॅपटॉपला नाही. मग रात्री नऊच्या सुमारास, नेमकी मी मेसमध्ये ताट घेऊन उभी असताना, फोन यायचा.

“अगं, नेट गेलंय परत.”

“फर्गेट कर आणि परत टाक.”

बस्. याच्यापुढे मी काही विचारत नसे. नेटवर्क फर्गेट करायचं, यादीतून परत निवडायचं, पासवर्ड परत टाकायचा. पासवर्ड मीच ठेवलेला, सोळा अक्षरी, त्यात कॅपिटल, स्मॉल, आकडे आणि ॲट द रेट. आई तो एका बोटानं, चष्मा नाकावर ओढून टाकायची. एखादं अक्षर चुकलं की परत पहिल्यापासून. पण शेवटी नेट सुरू व्हायचं! म्हणजे माझा उपाय बरोबरच, नाही का? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं तर तो माझ्या उपायाचा दोष थोडाच?

एका संध्याकाळी तिला शाळेची यू-डायस प्लसची माहिती भरायची होती. शेवटची तारीख. त्या दिवशी माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि फोन बॅगेत सायलेंटवर. बाहेर आले तर सात मिस्ड कॉल. मी फोन केला तोपर्यंत काम झालं होतं. आईनं माझ्याच सांगण्यावरून नेटवर्क फर्गेट केलेलं, पासवर्ड काही जुळेना, शेवटी लॅपटॉप पिशवीत घालून ती स्टँडजवळच्या एका इंटरनेट सेंटरवर गेली. तिथल्या मुलाला शाळेचा लॉगिन आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला आणि त्यानं सगळं भरून दिलं. पन्नास रुपये घेतले.

मी ओरडले. पासवर्ड असा कुणाला देतात का, वगैरे. ती शांतपणे ऐकून घेत म्हणाली, “तुझी परीक्षा होती, तुला कशाला त्रास द्यायचा. आणि माझ्याच हाताला ते जमत नाही गं.”

त्यानंतर फोन बंद झाले. मेसमध्ये शांतपणे जेवता येऊ लागलं. पंधरा-वीस दिवस मला वाटत होतं की बिघाड आपोआप गेला. रूममेटला मी तसं सांगितलंसुद्धा.

सुट्टीत घरी गेले तेव्हा कळलं की आई दर दोन-तीन दिवसांनी त्या सेंटरवर जाते. पंचवीसच्या वर वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांना अक्षरं गिरवायला शिकवलेली बाई, न कंटाळता तेच ते शंभर वेळा समजावून सांगणारी. आणि मी तिला एक गोष्ट एकदाही समजावली नव्हती. उलट माझ्या उपायानं तिला एवढंच शिकवलं की चूक तिच्याच हातात आहे. हे मला आजही बोचतं, आणि म्हणूनच या मासिकाची चार पानं एका वायफायवर खर्च करतेय.

तर मंडळी, मी दुरुस्तीला बसले. सर्वांत आधी काय केलं असेल? माझा स्वतःचा लॅपटॉप उघडला. तो डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडला गेला. मी विजयी मुद्रेनं म्हटलं, “माझ्याकडे तर चालतंय!” हे आपल्या जमातीचं ब्रीदवाक्य आहे. प्रोजेक्ट डेमोला बंद पडला की हेच, असाइनमेंट सरांच्या मशीनवर रन झाली नाही की हेच. वाक्य शंभर टक्के खरं असतं आणि समोरच्याच्या काडीइतकं उपयोगाचं नसतं.

इंग्रजीत याला ट्रबलशूटिंग म्हणतात. मराठी विभागासाठी लिहितेय म्हणून ‘बिघाड शोधणे’ म्हणते. गंमत बघा, मराठी शब्दात शोधणं आहे, इंग्रजीत गोळी घालणं. आपण बहुतेक वेळा इंग्रजीतलंच करतो. ‘फर्गेट’ म्हणजे काय? लॅपटॉपनं त्या नेटवर्कबद्दल जपून ठेवलेली सगळी नोंद पुसून टाकणं. आपोआप जोडायचं की नाही, पासवर्ड काय, सुरक्षेचा प्रकार कोणता, सगळं. म्हणजे पंचनामा व्हायच्या आधीच जागा शेणानं सारवून घ्यायची. नवी नोंद तयार होते, नेट सुरू होतं, आणि बिघाड कशामुळे होता हे मात्र आता कधीच कळणार नसतं.

म्हणून या वेळी मी फर्गेट दाबायचं नाही असं ठरवलं. आधी नुसतं बघायचं. यादीत ‘कमलाभवानी’ दिसतंय का? दिसत होतं. या एवढ्या बघण्यातून किती कळतं! राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटा संदेश हवेत सोडत असतो, ‘मी अमुक नावाचा, इथं आहे’ असा. त्याला बीकन म्हणतात. नाव यादीत दिसलं याचा अर्थ राउटर बोलतोय, लॅपटॉपचं वायरलेस कार्ड ऐकतंय आणि दोघांमधलं अंतरही ठीक आहे. यादीतल्या नावावर क्लिक केलं तर पासवर्ड न विचारता लगेच जोडला गेला. म्हणजे पासवर्डही बरोबर जपलेला. थोडक्यात, लॅपटॉप ऐकतो, ओळखतो, आणि तरी जात नाही. हा अशक्तपणा नव्हता. हा निर्णय होता. आता कुणाच्या सांगण्यावरून, एवढंच शोधायचं.

मी लॅपटॉप रीस्टार्ट केला. आपोआप जोडला. परत केला, परत जोडला. असं पाच वेळा झालं. (डॉक्टरसमोर खोकला येत नाही तसंच हे.) मागच्या वर्षीची मी इथंच थांबले असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं उघडला, आणि नाही.

वीज वाचवण्यासाठी वायरलेस कार्ड बंद करण्याची मुभा सिस्टीमला दिलेली असते, त्यानंही कधी कधी असं होतं. ती काढून बघितली, फरक पडला नाही. आसपास दुसरं ओळखीचं नेटवर्क असलं तर लॅपटॉप तिकडे ओढला जाऊ शकतो, पण इथं तर तो कुठंच जोडला जात नव्हता. मग मला एक आज्ञा सापडली. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून वायरलेसचा अहवाल मागता येतो. गेल्या तीन दिवसांत नेट कधी जोडलं, कधी तुटलं आणि का तुटलं याचा पूर्ण तक्ता तयार होतो आणि ब्राउझरमध्ये वाचता येतो. तीन सेमिस्टर नेटवर्किंगची पुस्तकं बाळगूनसुद्धा मला हे माहीत नव्हतं. तक्त्यात रोज रात्री साडेदहाच्या आसपास एक नोंद होती. जोडणी तुटली. कारण: वापरणाऱ्यानं तोडली.

वापरणारं कोण? घरात दुसरं कोण आहे?

त्या रात्री मी पुस्तक घेऊन आईच्या शेजारी नुसती बसून राहिले. काम झाल्यावर तिनं वायफायच्या खुणेवर क्लिक केलं, ‘डिस्कनेक्ट’ दाबलं. लॅपटॉप शटडाऊन केला. भिंतीचं बटण बंद केलं, पिन काढली. मग स्वयंपाकघरात जाऊन गॅसचा रेग्युलेटर बंद केला आणि मागच्या दाराची कडी बघितली. सगळं एका ओळीत, रोजच्यासारखं.

“आई, हे डिस्कनेक्ट तू रोज करतेस?”

“मग! नेट चालू ठेवून झोपायचं का?”

तिचं काय चुकलं सांगा. आमच्याकडे पूर्वी डोंगल होतं, मोजक्या एमबीचा पॅक टाकायचा. डिस्कनेक्ट करायला विसरलं की पॅक संपायचा आणि पप्पांची बोलणी बसायची. त्याच्याही आधी फोनच्या तारेवरून नेट यायचं त्या काळात तर जोडलेल्या प्रत्येक मिनिटाचे पैसे पडायचे. त्या दिवसांत तोडणं म्हणजे शिस्त होती, काटकसर होती. काळ बदलला, बटणाचा अर्थ बदलला, आणि ते आईला कुणी सांगितलंच नाही. सांगणार कोण? घरातली इंजिनीअर मेसमध्ये ताट घेऊन उभी!

बदललेला अर्थ असा. २०१२ साली विंडोज ८ येणार होतं तेव्हा ते बनवणाऱ्यांनी जाहीरपणे लिहिलं होतं की वापरणाऱ्यानं स्वतः एखादं नेटवर्क तोडलं तर सिस्टीम त्याला आपोआप जोडणं थांबवेल, आणि एक सोडून दुसऱ्या नेटवर्कला जोडलं तर दुसऱ्याला वरचा मान देईल. म्हणजे आपण जोडतो-तोडतो ते सगळं ती बघत असते आणि त्यावरून आपली आवड-निवड ठरवत असते. तर्क चुकीचा नाही. कॅन्टीनमधल्या रडक्या वायफायला मी स्वतः डिस्कनेक्ट करते तेव्हा मला ते पुन्हा नकोच असतं. पण आईसाठी डिस्कनेक्ट म्हणजे ‘आजच्यापुरतं पुरे’. लॅपटॉपनं ऐकलं ‘हे नको’. रोज रात्री ती त्याला नकळत घर विसरायला सांगत होती आणि रोज संध्याकाळी मी तिला फोनवरून तेच वेगळ्या बटणानं करायला लावत होते. बटणावर सगळा दोष ढकलून मला मोकळं होता येणार नाही. ही माहिती उघड होती, शोधायला गेलं की पंधरा मिनिटांत सापडणारी. मी शोधायला गेले नव्हते.

वापरणाऱ्याच्या शेजारी बसून बघणं ही काही माझी अक्कल नव्हे. आपल्याच महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सत्तरच्या आसपास गावांत संगणक केंद्रं उभारायची ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ योजना सुरू झाली. तिच्याकडून खूप काय काय अपेक्षा होत्या. पुढे काही वर्षांनी संशोधकांनी त्या केंद्रांत लोक खरोखर काय करतात ते जाऊन बघितलं, तर मुख्यतः उसाची माहिती. किती टन गेला, खताचं काय, पैसे किती जमा झाले. मग त्यांनी संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून बघितला आणि तेच काम भागलं. आमच्या करमाळ्याकडेही ऊस आहे, केळी आहेत. त्यामुळे मला हे चटकन पटतं. शेतकऱ्याला संगणक नको होता, टनांचा आकडा हवा होता. आणि हे खोलीत बसून कळलं नसतं.

आता आपल्या हॉस्टेलकडे वळू. माझी रूममेट हे सगळं ऐकून म्हणाली, “दोन मिनिटांचं काम, त्याला तीन दिवस लावलेस. चाललं ना फर्गेट करून? मग कारण कशाला हवं?” तिच्या म्हणण्यात दम आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता मीही फर्गेटच दाबते आणि पुढेही दाबेन. पण जो बिघाड दुसऱ्यांदा येतो त्याला तोच उपाय करणं म्हणजे दुरुस्ती नाही, हप्ता भरणं आहे. आणि तो हप्ता आपण भरत नाही. घरी मागे राहिलेलं माणूस भरतं.

माझा खरा राग आपल्या अभ्यासावर आहे. लॅबमध्ये मशीन चाललं नाही की शेजारचं मशीन देतात. जर्नलमध्ये ‘निष्कर्ष’ आधी लिहिलेला असतो, रीडिंग मागून येतात (हे सगळ्यांना माहीत आहे, सरांनाही). व्हायवात सात थरांची नावं विचारतात, पण ‘लॅपटॉप घरच्या वायफायला आपोआप जोडला जात नाही, पहिला प्रश्न काय विचाराल?’ असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. माझी सूचना अशी आहे की सेमिस्टरमधलं एक तरी प्रॅक्टिकल मुद्दाम बिघडवलेल्या मशीनचं असावं, आणि मार्क ते सुरू झाल्याचे नकोत, कारण कसं सापडलं ते लिहिल्याचे असावेत. लॅब असिस्टंट काका बिघडवायला आनंदानं मदत करतील. काही मशीन तर आधीच तयार आहेत.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आईच्या लॅपटॉपमधली जपलेल्या नेटवर्कची यादी उघडली तर तिथं नऊ नावं होती. त्या सेंटरचं बिनपासवर्डचं वायफाय, प्रशिक्षणाला गेली होती तिथल्या हॉलचं, मावशीच्या फोनचं, आणि दोन कुणाची ते आईलाही सांगता येईना. ‘आपोआप जोड’ याचा अर्थ घरच्या नेटला आपोआप जोड असा आपण धरतो, पण ते यादीतल्या सगळ्यांनाच लागू असतं. लॅपटॉप माणूस ओळखत नाही, नाव ओळखतो. २००५ साली डिनो डाय झोवी आणि शेन मॅकॉले या दोघांनी नेमक्या याच विषयावर निबंध लिहिला. त्या काळचे लॅपटॉप जपलेली नावं हवेत पुकारत फिरायचे, अमुक आहेस का, तमुक आहेस का. या दोघांचं साधन प्रत्येक हाकेला ‘मीच तो’ म्हणून ओ द्यायचं आणि लॅपटॉप विश्वासानं त्याच्या गळ्यात पडायचा. साधनाचं नाव होतं ‘कर्मा’. (आमच्या करमाळ्याशी संबंध नाही, पण मी वाचलं तेव्हा दचकले.) पासवर्ड असलेल्या नेटवर्कला हा डाव सहसा लागू पडत नाही, कारण तोतयाला पासवर्ड माहीत नसतो. उघड्या नेटवर्कला मात्र पडतो. आताच्या सिस्टीम अशा हाका फारशा मारत नाहीत, गुपचूप ऐकतात. अपवाद लपवलेल्या नेटवर्कचा. ते स्वतः नाव सांगत नाही म्हणून लॅपटॉपला विचारत फिरावं लागतं. आपल्या हॉस्टेलमध्ये रेक्टर सरांना दिसू नये म्हणून हॉटस्पॉटचं नाव लपवणाऱ्या हुशार मंडळींनी याचा जरूर विचार करावा. तुमचा लॅपटॉप तुमचं गुपित घरी, एसटी स्टँडवर, जेऊरच्या प्लॅटफॉर्मवर पुकारत असेल.

म्हणजे फर्गेट बटण वाईट आहे असं नव्हे. आईनं त्या दिवशी यादीतली आठ नावं स्वतःच्या हातानं फर्गेट केली आणि एक ठेवलं. शाळेचा पासवर्ड बदलला. डिस्कनेक्ट दाबायचं नाही, लॅपटॉप नुसता बंद करायचा, हे तिला सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “मग रात्री पैसे पडत नाहीत?” दरमहा ठरलेली रक्कम आहे हे बिलावर दाखवल्याशिवाय तिनं ते मान्य केलं नाही. मग शाळेच्या टाचणवहीच्या शेवटच्या पानावर तिनं लिहून घेतलं. आधी नाव दिसतं का बघणे. दिसत असेल तर क्लिक करणे. दिसत नसेल तर पप्पांचा फोन चालतो का बघणे. तोही चालत नसेल तर राउटरचा दिवा बघणे. वाक्यं तिची आहेत, मी फक्त ‘राउटर’ कसं लिहायचं ते सांगितलं. तेही तिनं दुरुस्त केलं.

मागच्या आठवड्यात रात्री नऊला फोन आला. मी मेसमध्येच होते.

“नेट गेलंय.”

“आई, यादीत नाव दिसतंय का?”

“दिसतंय. जोडलंही गेलंय. पप्पांच्या फोनवरही चालत नाही. राउटरचा लाल दिवा लागलाय, फायबरवाल्याला कळवलंय, तो उद्या सकाळी येतोय. मी तुला तू जेवलीस का ते विचारायला फोन केला.”